उपास आणि उपासमार: कमी मेमरीच्या कर्नल-चाचण्यांबद्दल

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. कर्नलवर बोलायचा आमचा अधिकार एवढाच, की आमच्या घरी एक गिगाबाइट मेमरीचा जुना संगणक आहे आणि त्याच्यापुढे आम्ही बराच वेळ नुसते बसून असतो.

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. कोणत्या कामाला किती मेमरी द्यायची, हे तोच ठरवतो. लिनक्सचा कर्नल कमी मेमरीवर कसा चालतो हे बघायला पुष्कळदा काय करतात? नव्याकोऱ्या संगणकाला सुरू करतानाच सूचना देतात, की तुझ्याकडे फक्त 512 मेगाबाइट आहेत असं समज. आमचा आक्षेप इथेच आहे. उपास करणाऱ्याच्या घरात धानाची कोठी भरलेली असते, उपासमार वेगळी! मेमरी भरली की कर्नल तिच्यातला काही भाग डिस्कवर ठेवतो, त्याला स्वॅप म्हणतात. मेमरीतून वाचायला साधारण 100 नॅनोसेकंद लागतात, फिरत्या हार्डडिस्कवरून 10 मिलिसेकंदांच्या आसपास. म्हणजे लाखपट. नव्या संगणकात एसएसडी असते, तिथे ही दरी पुष्कळच लहान. झेडरॅमचंही तसंच. ते डेटा दाबून मेमरीतच ठेवतं, पण दाबायला प्रोसेसर लागतो आणि जुन्या यंत्रात तोही दुबळा. (तरी हार्डडिस्कपेक्षा बरं, हे मान्य.)

आता मोजायचं काय? नेहमीची रीत म्हणजे कर्नलच कंपाइल करायचा आणि मिनिटं मोजायची. आपल्याकडची राईस मिल घ्या. दिवसाला किती क्विंटल धान भरडलं, हा मालकाचा हिशेब. बाहेर ट्रॅक्टर लावून उभा असलेला शेतकरी विचारतो, माझा नंबर कधी?

हा दुसरा प्रश्न ऑस्ट्रेलियातल्या कॉन कोलिवास यांनी धरला. व्यवसायानं भूलतज्ज्ञ, बरं का! त्यांचं 'कॉन्टेस्ट' मागे दुसरं ओझं चालू ठेवून कंपाइलचा वेळ मोजायचं. पुढच्या 'इंटरबेंच'नं आवाज आणि चित्र किती अडखळतात तेच मोजलं. स्वॅपमध्ये गेलेलं मोकळ्या वेळात परत आणून ठेवणारा त्यांचा पॅच मात्र मुख्य कर्नलमध्ये गेलाच नाही. 2007 मध्ये ते बाजूला झाले, 2009 मध्ये स्वतःचा वेगळा शेड्युलर घेऊन परतले.

आमच्याकडे शेजारची मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला आली होती. ब्राउझर चालू असताना पीडीएफ उघडली आणि माउस गोठला. हलला तोवर सत्र संपलेलं. अर्ज पुन्हा पहिल्यापासून. कंपाइलच्या एकूण वेळात हा खोळंबा दिसणार कुठे? खऱ्या जुन्या यंत्रावर, ब्राउझर उघडा ठेवून, सगळ्यात लांब खोळंबा किती झाला तो आकडा छापा, एवढंच आमचं म्हणणं. यंत्र आम्ही देऊ. सुरू व्हायला मात्र वेळ लागतो.