डेल्टा ई एकच्या आत, तरी पांढरा जुळेना

एका टेबलावर दोन मॉनिटर. दोन्ही कॅलिब्रेट केलेले. दोन्हींचा पांढरा डी ६५, म्हणजे एक्स ०.३१२७ आणि वाय ०.३२९०. मीटर म्हणतो दोघांत फरक जवळजवळ नाहीच, आणि माझे डोळे म्हणतात की डावा गुलाबीसर आहे, उजवा हिरवट. लॅबमध्ये सगळ्यांचा सल्ला एकच होता, मीटरवर विश्वास ठेव, डोळे फसवतात. मी ठेवला. अर्ध्या लोकांचा प्रयोग एका मॉनिटरवर घेतला, अर्ध्यांचा दुसऱ्यावर. पुढे तो सगळा डेटा बाजूला ठेवावा लागला, कारण लोकांमधला फरक कुठला आणि मॉनिटरमधला कुठला हे सांगताच येईना.

म्हणून आज तक्रार एका वाक्याबद्दल आहे. रंगांवरच्या पेपरांत, पद्धतीच्या भागात, हे कुठल्या ना कुठल्या रूपात येतंच: डिस्प्ले कॅलिब्रेट केले, सरासरी डेल्टा ई एकपेक्षा कमी आला. झालं, पुढे चला! माझं म्हणणं असं की दोन डिस्प्ले एकाच जातीचे नसतील, तर या वाक्याने फारसं काही सिद्ध होत नाही.

ब्लाऊज पीसचं उदाहरण घ्या. दुकानात ट्यूबलाईटखाली साडीला अगदी मॅचिंग वाटतो, बाहेर उन्हात धरला की वेगळाच. दोन कापडांवरून येणारा प्रकाश मुळात वेगळा असतो, पण एका विशिष्ट उजेडात तो डोळ्यातल्या तिन्ही प्रकारच्या शंकू पेशींना सारखाच चेतवतो. याला मेटामेरिझम म्हणतात. मॉनिटरवर उजेड बदलत नाही, बदलतो तो डोळा. जुन्या सीसीएफएल बॅकलाइटचा पांढरा, निळ्या एलईडीवर फॉस्फर चढवून केलेला पांढरा आणि ओलेडचा पांढरा, तिघांचे स्पेक्ट्रम एकमेकांशी जुळत नाहीत. ते 'सारखे' आहेत हा निकाल कुणातरी डोळ्याने द्यावा लागतो.

मीटरच्या गणितातला तो डोळा कुणाचा? सीआयईच्या १९३१ च्या प्रमाण निरीक्षकाचा. तो बनला इंग्लंडमधल्या दोन प्रयोगांतून: राइट यांचे १० निरीक्षक आणि गिल्ड यांचे ७. एकूण १७ माणसं. दृष्टिक्षेत्र २ अंशांचं, म्हणजे हात लांब करून अंगठा बघितला तर जेवढा दिसतो साधारण तेवढं. आपण मात्र हाताच्या अंतरावर चोवीस इंची स्क्रीन बघतो, ती चाळीस अंशांच्याही वर जाते.

त्या १७ जणांवर माझा राग नाही. त्या काळी एवढं नेटकं काम होणं हीच मोठी गोष्ट. पण त्यात एक चूक शिरली आणि ती आपण अजून वापरतो. या आकड्यांना जोडलेल्या १९२४ च्या प्रकाश-संवेदनशीलतेच्या वक्राने निळ्या टोकाला, साधारण ४६० नॅनोमीटरच्या खाली, डोळ्याची क्षमता कमी धरली होती. जड यांनी १९५१ मध्ये दुरुस्ती सुचवली, व्हॉस यांनी १९७८ मध्ये ती आणखी नीट केली. तरीही एसआरजीबी काय किंवा टीव्हीचं बीटी ७०९ काय, सगळ्यांचे आकडे १९३१ च्याच भाषेत. आणि आजच्या एलईडीचा निळा टोकदार डोंगर उभा असतो कुठे? साधारण ४५० च्या आसपास. नेमका चुकीच्या जागी!

मग इतकी वर्षं कुणाला टोचलं कसं नाही? कारण सीआरटीच्या काळात सगळ्यांचे फॉस्फर साधारण सारखे होते. चूक दोन्ही बाजूंना सारखीच, म्हणून वजाबाकीत उडून जायची. तंत्रज्ञान वेगळं झालं आणि ती उघडी पडली. सोनीच्या स्टुडिओ मॉनिटरांचं उदाहरण यासाठी मला फार आवडतं. ओलेड आणि सीआरटी एकाच आकड्यांवर आणले, तर ओलेड हिरवट-पिवळट दिसे. कंपनीने जड-व्हॉस दुरुस्ती धरून पांढरा सरकवला: एक्समधून ०.००६ आणि वायमधून ०.०११ वजा. म्हणजे जुळावं म्हणून मुद्दाम 'चुकीचा' आकडा. धंद्यातल्या लोकांनी जे मान्य केलं, ते आमच्या पेपरांच्या पद्धतीच्या भागात अजून पोचलेलं नाही.

वर माणसामाणसांतला फरक आहेच. वयाबरोबर डोळ्याचं भिंग पिवळं होत जातं आणि निळा प्रकाश अडवतं. दृष्टिपटलाच्या मध्यावरचं पिवळं रंगद्रव्यही ४६० च्या आसपासच सर्वांत जास्त शोषतं, आणि ते प्रत्येकात कमीजास्त असतं. माझ्या गाइडना त्या दोन मॉनिटरांत फरक जवळजवळ दिसतच नव्हता. मला वाटायचं सर मला गप्प बसवतायत. सर खरंच बोलत होते, आणि मीही!

यावर हमखास येणारा आक्षेप: तुमचा मीटरच वाईट असेल. असू शकतो. स्वस्त कलरीमीटरचे फिल्टर प्रमाण वक्रांशी तंतोतंत जुळत नाहीत, प्रत्येक बॅकलाइटसाठी वेगळी दुरुस्ती भरावी लागते आणि अनेकजण ती भरत नाहीत. ते आधी तपासाच. पण उत्तम स्पेक्ट्रोरेडिओमीटर आणला तरी तो स्पेक्ट्रम अचूक मोजेल आणि शेवटी त्याच १७ जणांच्या सरासरीने गुणेल.

कॅलिब्रेशन सोडा असं मी म्हणत नाही. प्रयोगाला शक्यतो एकाच मॉडेलचे मॉनिटर घ्या. ते जमत नसेल तर दोघांचे पांढरे शेजारी ठेवून एकाचा पांढरा डोळ्यांनी जुळवा, मग त्या पांढऱ्यावर प्रोफाइल बनवा. मात्र ही जुळणी जुळवणाऱ्याच्या डोळ्यापुरतीच खरी, हेही लिहा. आणि पेपरात डेल्टा ईसोबत स्पेक्ट्रम द्या. सीआयईच्या २००६ च्या मॉडेलमध्ये २० ते ८० वय आणि १ ते १० अंश क्षेत्र घालून वेगवेगळे निरीक्षक काढता येतात, त्यामुळे स्पेक्ट्रम हातात असला तर वाचणारा स्वतः तपासू शकतो की विशीतल्या आणि साठीतल्या माणसाला ते दोन पांढरे किती वेगळे दिसले असतील.

हे लवकर करावं लागेल. बीटी २०२० चे मूळ रंग ६३०, ५३२ आणि ४६७ नॅनोमीटरच्या एकेरी तरंगलांबीवर ठरवलेत. स्पेक्ट्रम जितका अरुंद, तितका दोन माणसांमधला फरक मोठा. लॅबमध्ये लेझर प्रोजेक्टर घ्यायचं चाललंय, आणि कोटेशनमध्ये रंगांच्या अचूकतेसाठी एकच आकडा दिलाय. कुठला ते तुम्ही ओळखलंच असेल.