‘परिवलन-तरंग’ ह्या संज्ञेची मर्यादा

मुंबई उपनगरातील ट्रॉम्बे येथे १९५६ साली ‘अप्सरा’ व १९८५ साली ‘ध्रुव’ ह्या अणुभट्ट्या कार्यान्वित झाल्या. न्यूट्रॉनांच्या साहाय्याने घन पदार्थांचे अंतरंग तपासण्याची तेथील परंपरा पी. के. अय्यंगार ह्यांच्यापासूनची, कॅनडात त्यांनी ब्रॉकहाउस ह्यांच्यासमवेत काम केले होते. ह्या शास्त्राची मराठी परिभाषा मात्र पुष्कळशी इंग्रजी शब्दाचा साचा पुढे ठेवून घडविलेली आहे. ‘प्रकीर्णन’ हा शब्द पाहावा. ग्रंथसूचीत जे कोठेच बसत नाही ते ‘प्रकीर्ण’. येथे तर न्यूट्रॉन किती कोनातून वळले व किती ऊर्जा गमावून आले ह्याचा काटेकोर हिशेब असतो. हा दोष क्षम्य म्हणता येईल. परंतु परिवलन, म्हणजे अणूच्या अंगच्या चुंबकत्वाचे मूळ, जेथे जेथे विचलित होते तेथे तेथे ‘परिवलन-तरंग’ म्हटले की अर्थाचीच हानी होते.

मोरचुदाचे उदाहरण घ्यावे. द्राक्षबागेतील बोर्डो मिश्रणात पडणारा हा निळा स्फटिक दिसावयास चांगला त्रिमितीय. परंतु अतिशीत तापमानात त्यातील निम्मे ताम्र-आयन एका रेषेतील शेजाऱ्यांशीच चुंबकीय नाते राखतात. ‘अल्पमितीय’ हे विशेषण ह्या नात्याचे आहे, स्फटिकाच्या देहाचे नव्हे. नेहमीच्या चुंबकात न्यूट्रॉनाने दिलेली ऊर्जा एका तरंगाच्या रूपाने पसरते आणि मापनात रेखीव रेषा उमटते. मोरचुदाच्या साखळीत तेच उत्तेजन दोन स्पिनॉनांत दुभंगते. दोघे स्वतंत्रपणे दूर जातात, ऊर्जेची वाटणी नाना प्रमाणांत होते आणि रेषेऐवजी रुंद पट्टा मिळतो. ड्यूटेरियमयुक्त मोरचुदावरील, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ह्या पट्ट्यात चार स्पिनॉनांचाही वाटा आढळला.

‘तरंग’ एवढाच शब्द हाती असलेला विद्यार्थी हा पट्टा पाहून उपकरणाला दोष देईल. शास्त्रज्ञही ह्या नावाने चकले होते. बेटे ह्यांनी १९३१ साली साखळीचे गणित सोडविले, तरी तिच्या उत्तेजनांना पुढे कित्येक वर्षे तरंगच मानले जाई. परिवलन-तरंगाचे परिवलन किती, हा प्रश्न फदेयेव व ताख्ताजान ह्यांनी १९८१ साली निबंधाच्या शीर्षकातच विचारला. उत्तर निघाले अर्धा, एक नव्हे.

तेव्हा ‘उत्तेजन’ हा सामान्य शब्द ठेवावा, ‘तरंग’ सुव्यवस्थित चुंबकांपुरता राखावा. ‘स्पिनॉन’ला संस्कृत प्रतिशब्द शोधण्याचे प्रयोजन नाही, ‘न्यूट्रॉन’प्रमाणे पुल्लिंगी मानून त्याला विभक्तिप्रत्यय लाविले की वाक्य कोठेही अडत नाही.