मतदारयादीचा पाठ आणि रूढिनिष्ठ पक्ष : एक परीक्षण

निवडणुकांचा विचार या त्रैमासिकाच्या कक्षेंत येतो कीं नाहीं, अशी शंका कांहीं वाचकांस येण्याचा संभव आहे. तिचें समाधान प्रथम केलेलें बरें. ज्या कागदांत गांव, घर, मनुष्याचें नांव, त्याच्या बापाचें अथवा नवऱ्याचें नांव, वय आणि लिंग हीं अंगें क्रमानें लिहिलेलीं असतात, तो कागद जुन्या दप्तरांतील खानेसुमारीच्या कागदाचा वंशज होय. मतदारयादी ही अशीच वस्तु आहे. खानेसुमारीचा कागद हातीं आला तर आपण अक्षर न् अक्षर लावून वाचतों. मतदारयादीवर मात्र ती न वाचतांच भाष्यें लिहिलीं जातात. मूळ पोथी न पाहतां तिच्यावर टीका लिहिणाऱ्याची आपल्यांत काय संभावना होते, हें सांगावयास नको. प्रस्तुत लेखांत अशाच एका प्रचलित भाष्याचें परीक्षण करावयाचें आहे.

तें भाष्य असें : पुण्याचा मतदार बदलला, म्हणून रूढिनिष्ठ पक्षाचा पाया खचला. रूढिनिष्ठ हा शब्द येथें निंदार्थीं योजलेला नाहीं. धर्म, कुटुंब, परंपरा, राष्ट्राभिमान अशा चालत आलेल्या गोष्टी टिकवाव्या, असें सांगून जो मत मागतो तो पक्ष रूढिनिष्ठ, इतकाच त्याचा अर्थ. विलायतेंत या जातीचा पक्ष म्हणजे हुजूरपक्ष. पुण्यांत पूर्वीं जनसंघ आणि १९८० पासून भारतीय जनता पक्ष. पक्ष भला कीं बुरा, हा आमचा विषय नाहीं. त्याच्याविषयीं जें सांगितलें जातें तें पुराव्यास उतरतें कीं नाहीं, एवढेंच पाहावयाचें आहे.

या भाष्यास जोर आला तो कसबा पेठेच्या पोटनिवडणुकीमुळें. हा मतदारसंघ १९९५ पासून भारतीय जनता पक्षाकडे अखंड होता. गिरीश बापट तेथून लागोपाठ पांच वेळां निवडून आले आणि २०१९ सालीं मुक्ता टिळक विजयी झाल्या. डिसेंबर २०२२ मध्यें टिळकबाईंचें निधन झालें. पुढें फेब्रुवारी २०२३ च्या पोटनिवडणुकींत काँग्रेसचे रवींद्र धंगेकर यांनीं भाजपचे हेमंत रासने यांचा दहा हजारांहून अधिक मतांनीं पराभव केला. निकाल लागतांच दोन मीमांसा पुढें आल्या. पहिली, टिळक घराण्यांत उमेदवारी न दिल्यामुळें ब्राह्मण मतदार रुसला. दुसरी, पेठांतील जुना रहिवासी उपनगरांत गेला व त्याच्या जागीं निराळा मनुष्य आला, यामुळें पक्षाचा किल्ला कायमचा ढासळला.

पहिल्या मीमांसेचा विचार थोडक्यांत आटोपतो. मतदारयादींत जात लिहिलेली नसते. महाराष्ट्रापुरतें पाहिलें तर १९३१ नंतर जातवार शिरगणतीचे आंकडे प्रसिद्ध झालेले नाहींत. तेव्हां अमुक जातीनें अमुक टक्के मत फिरविलें, हें विधान आडनांवांवरून बांधलेला तर्क आहे. त्यास प्रमाण म्हणतां येत नाहीं. त्यांतून, याच पोटनिवडणुकींत ब्राह्मण समाजाचा रोष पुढें करून जे उमेदवार उभे राहिले त्यांस हजार मतेंहि पडलीं नाहींत. रुसवा असलाच तर तो मतपेटींत उतरला नाहीं. घरींच बसून राहिला.

दुसरी मीमांसा अधिक भारदस्त आहे. परंतु तिलाहि एक अडचण आडवी येते. नोव्हेंबर २०२४ मध्यें तेच दोन प्रतिस्पर्धी त्याच मतदारसंघांत पुन्हा समोरासमोर आले आणि रासने एकोणीस हजारांहून अधिक मतांनीं निवडून आले. दोन्ही वेळचे आंकडे शेजारीं ठेवून पाहावे. धंगेकरांचीं मतें दोन्ही वेळां सत्तर ते पंचाहत्तर हजारांच्या दरम्यानच राहिलीं. रासने यांचीं मात्र सुमारें बासष्ट हजारांवरून नव्वद हजारांवर गेलीं. एकवीस महिन्यांत पेठांतील वस्ती जाऊन पुन्हा परत आली, असें कोणी म्हणणार नाहीं. २०२३ सालीं मतदान पन्नास टक्क्यांच्या आसपासच झालें होतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे उलगडा होतो. यादी जवळजवळ तीच होती. तिच्यांतील कोण बाहेर पडला आणि कोण पडला नाहीं, एवढा फरक. याला मतदार बदलला असें म्हणणें म्हणजे पोथीचें पान एकदां चिकटून राहिलें व दुसऱ्या वाचनांत सुटलें, म्हणून तिच्या दोन निराळ्या प्रति मानण्यासारखें आहे.

मग मतदार बदलतच नाहीं काय ? बदलतो. पण ‘बदल’ या एका शब्दाखालीं तीन भिन्न गोष्टी येतात आणि त्यांची भेसळ झाल्यानें वाद माजतो. कायद्यानें मताधिकार विस्तारणें ही पहिली. मतदारानें बिऱ्हाड हलविणें ही दुसरी. जुनी पिढी जाऊन नवी यादींत येणें ही तिसरी.

पहिला बदल पुण्यानें फार पूर्वीं पाहिला. १९१९ च्या कायद्यानें मताधिकार वाढला तरी तो शेतसारा, घरभाडें, प्राप्तीवरील कर अशा कसोट्यांनीं बांधलेलाच होता. तरीहि मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलांत मराठे व तत्सम जातींसाठीं सात जागा राखल्या गेल्या आणि त्यानें राजकारणाची भाषा पालटली. पुणें नगरपालिकेंत १९२५ सालीं केशवराव जेधे यांनीं जोतीराव फुले यांच्या पुतळ्याची सूचना मांडली. त्या वेळीं ती मान्य झाली नाहीं. पण असा ठराव त्या सभागृहांत मांडणारा सभासद निवडून येऊं शकतो, हीच त्या दशकांतील नवी गोष्ट होती. पुढें जेधे काँग्रेसमध्यें आले, काकासाहेब गाडगीळ व ते एका व्यासपीठावर उभे राहिले, आणि जुन्या पुण्याच्या पुढारीपणाला आपलें घर नव्यानें मांडावें लागलें. १९५१-५२ च्या निवडणुकींत देशांत १७ कोटींहून अधिक मतदार नोंदले गेले. मिळकतीची अट उरली नाहीं. १९८९ मध्यें वयाची मर्यादा एकवीसवरून अठरा वर्षांवर आली.

या विस्तारानें रूढिनिष्ठ पक्ष बुडावयास पाहिजे होता, असें तर्कशास्त्र सांगतें. इतिहास तसें सांगत नाहीं. विलायतेंत १८६७ च्या कायद्यानें शहरांतील कारागिरांस मत मिळालें, तें डिझरायलीच्या हुजूरपक्षानेंच मिळवून दिलें. १९१८ च्या कायद्यानें मतदारांची संख्या सुमारें ७७ लाखांवरून दोन कोटींच्या वर गेली; त्यानंतरच्या वीस वर्षांत बहुतेक काळ सत्तेवर तोच पक्ष होता. आपल्याकडेहि जनसंघास ‘शेटजी-भटजींचा पक्ष’ म्हणून हिणविलें जाई. तो डाग पुसण्याकरितां वसंतराव भागवत यांनीं माळी, धनगर व वंजारी या समाजांतील कार्यकर्ते पुढें आणले. ‘माधव’ या संक्षेपानें तें धोरण प्रसिद्ध आहे. सारांश, मताधिकार वाढला असतां रूढिनिष्ठ पक्ष मरतो असें नाहीं. आपल्या दारांतून कोणास आंत घ्यावयाचें हें तो नव्यानें ठरवितो.

खरी कसोटी दुसऱ्या बदलांत आहे आणि ती पेठांत न दिसतां शहराच्या कडेला दिसते. २०१४ सालीं पुणें शहरांतील आठहि जागा भाजपनें जिंकल्या. २०१९ मध्यें सहा राहिल्या. गेल्या त्या दोन, हडपसर आणि वडगांव शेरी. दोन्ही पूर्वभागांतील, दोन्ही झपाट्यानें वाढणाऱ्या. कोथरूड, पर्वती, खडकवासला हे पश्चिम व दक्षिण बाजूचे मतदारसंघ त्याच्याकडेच राहिले. पेठांतून निघालेलीं कुटुंबें बव्हंशीं ज्या बाजूस गेलीं, त्या बाजूस पक्षहि त्यांच्या मागोमाग गेला, असा तर्क यावरून करण्यास हरकत नाहीं. पूर्वभागीं आलेला मनुष्य मात्र पेठांतून आलेला नाहीं. तो मराठवाड्यांतून, विदर्भांतून, खानदेशांतून, उत्तर हिंदुस्थानांतून, दक्षिणेंतून आलेला आहे. २०२४ चा निकाल मात्र येथें पुराव्यास घेतां येत नाहीं. त्या वर्षीं या दोन्ही जागा भाजपनें मित्रपक्षास सोडल्या होत्या. हडपसर त्या मित्रपक्षानें राखली व वडगांव शेरी गमावली. जो पक्ष रिंगणांतच नव्हता त्याची लोकप्रियता त्या आंकड्यांवरून काढणें म्हणजे गळालेल्या पानावरचा मजकूर सांगूं जाणें होय.

हडपसरास लागून असलेल्या मांजरी बुद्रुकाचें उदाहरण या दृष्टीनें उद्बोधक आहे. मुळामुठेच्या कांठचें हें गांव ऊंस आणि द्राक्षें यांचें. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट व राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र येथें असणें हा योगायोग नव्हे. अशा गांवांतील जुनी सत्ता भावकी, विकास सोसायटी, बाजार समिती, साखर कारखाना यांच्या मार्गानें वाहत असे आणि राजकारणांत ती बव्हंशीं काँग्रेसकडे व १९९९ नंतर राष्ट्रवादी काँग्रेसकडे झुकलेली होती. जत्रा, ग्रामदैवत, मानपान, रोटीबेटी यांत हा समाज पूर्ण परंपरानिष्ठ. पण रूढिनिष्ठ म्हणविणारा पक्ष त्याचा नव्हे. तो पक्ष येथें पसरला तो बहुधा सदनिकांतून राहावयास आलेल्या नव्या लोकांच्या आधारानें. म्हणजे शहरांत जो जुन्यांचा पक्ष, तोच गांवांत नव्यांचा पक्ष झाला ! नवा मतदार आला म्हणजे रूढिनिष्ठ पक्ष हरतो, हें सूत्र येथें उलटें पडतें. नवा मतदार आला म्हणजे तो जिंकतो, हें सूत्र २०१९ च्या हडपसरानें उलटें पाडलें. दोन्ही सूत्रें टाकून दिलीं पाहिजेत.

आमच्या मतें पक्षापुढील पेंच निराळाच आहे. ‘टिकवा’ असें सांगावयाचें तर कांहींतरी समाईक असावें लागतें. कसब्यांत तें आहे : वाडा, मंडळ, ग्रामदैवताचा गणपति, चार पिढ्यांची ओळख. मांजरीच्या गांवठाणांतहि तें आहे. पण तें गांवकीचें. चौदा मजल्यांच्या इमारतींत परवां राहावयास आलेल्या लातूरच्या व लखनौच्या दोन कुटुंबांत काय समाईक आहे ? राष्ट्र, धर्म या मोठ्या गोष्टी आहेतच, आणि लोकसभेच्या निवडणुकींत त्या पुरत असतील. नगराच्या निवडणुकींत मात्र पाण्याचा टँकर, रस्ता, रेल्वेफाटकावरची कोंडी हेंच त्यांचें समाईक धन, आणि तें टिकवावें असें कोणासच वाटत नाहीं ! जातींचें गणित ‘माधव’ धोरणानें सुटलें. स्थळाचें गणित तसें सुटत नाहीं, कारण येथें आंत घ्यावयाचा समाज अजून समाज म्हणून उभाच राहिलेला नाहीं. जून २०२१ च्या अखेरीस तेवीस गांवें महापालिकेंत घेतलीं गेलीं, त्यांत मांजरी बुद्रुक होतें. ग्रामपंचायत गेली. मार्च २०२२ मध्यें महापालिकेचीहि मुदत संपून प्रशासकाचा अंमल सुरू झाला. आपला सभासद कोण, हें ज्यास वर्षानुवर्षें सांगतां येत नव्हतें, त्या मतदाराची निष्ठा कोणत्या पक्षानें मोजावी ?

येथें यादीचाहि दोष सांगितला पाहिजे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्याप्रमाणें मनुष्य जेथें सामान्यतः राहतो तेथेंच त्याचें नांव असावें. केवळ घर मालकीचें आहे एवढ्यानें तो तेथील रहिवासी ठरत नाहीं. व्यवहारांत मात्र बिऱ्हाड एका ठिकाणीं व नांव दुसऱ्या ठिकाणीं, असे मतदार पुष्कळ. म्हणून यादी वाचतांना प्रत्येक नांवापुढें तीन प्रश्न विचारावे लागतात : हा आहे काय ? येथें आहे काय ? आणि जो येथें आहे त्याचें नांव का नाहीं ? तिसऱ्या बदलाचा, म्हणजे पिढीच्या बदलाचा, निर्णयहि याच प्रश्नांच्या उत्तरांवर अवलंबून आहे. वयाचा रकाना यादींत आहे. एकाच केंद्राच्या दहा वर्षांच्या अंतरानें छापलेल्या दोन याद्या घरवार ताडून पाहिल्या तर किती नांवें गेलीं, किती आलीं, किती घरें बंद पडलीं, हें कोणाहि चिकाटीच्या अभ्यासकास कळेल. जात कळणार नाहीं, मत कळणार नाहीं. पण मतदार बदलला कीं नाहीं, हें मात्र निश्चित कळेल.

अडचण एकच कीं, नवी यादी निघाली म्हणजे जुनी कोणास नकोशी होते. आपले संग्राहक तीनशें वर्षांपूर्वींच्या हिशेबाच्या चिटोऱ्याकरितां दहा कोस जातात, हें भूषणावहच आहे. त्यांनीं आपापल्या गांवच्या, वॉर्डाच्या जुन्या छापील मतदारयाद्याहि रद्दींत जाण्यापूर्वीं हस्तगत कराव्या, अशी त्यांस विनंति आहे. जीं गांवें शहरांत विलीन झालीं त्यांच्या ग्रामपंचायतींचीं दप्तरें विशेष जपलीं पाहिजेत, कारण त्यांचा धनीच नाहींसा झालेला आहे. हें काम झाल्यावांचून कोणत्याहि पक्षाच्या उदयास्ताचीं कारणें सांगणें म्हणजे आधारावांचून वंशावळ लिहिणें होय. आणि तशा वंशावळींचा अनुभव आपणांस पुरेसा आहे.