छायाचित्राचा ठसा व पडद्यावरील प्रत

जुन्या छायाचित्रांचे मूळ ठसे कपाटांत बंद करून अभ्यासकापुढें केवळ संगणकाचा पडदा ठेवण्याची रीत आतां अनेक संग्रहांत रूढ झाली आहे. ठशांच्या रक्षणासाठीं ती योग्यच होय; परंतु पडद्यावर दिसतें तेंच मूळ साधन, असें जें गृहीत धरलें जातें, तें आम्हांस मान्य नाहीं.

मेजर रॉबर्ट गिल यांचेंच उदाहरण घ्यावें. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या, वर्षानुवर्षें खपून केलेल्या, त्यांच्या बहुतेक रंगीत नकला १८६६ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगींत जळाल्या. फर्ग्युसनसाहेबांच्या १८६४ च्या ग्रंथांत मात्र गिल यांनीं लेण्यांचीं घेतलेलीं ७४ छायाचित्रें आहेत. तत्कालीन स्थितीचा इतका जवळचा पुरावा कसा वाचावा, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे.

त्या काळीं अंड्याच्या पांढऱ्याचा लेप दिलेला, रुप्याच्या क्षारांत भिजविलेला कागद काचेच्या उलट्या प्रतीस भिडवून उन्हांत ठेवीत. त्यामुळें कडा कातरल्या नसतील तर ठशाचें माप तेंच काचेचें माप. पडद्यावर तळहाताएवढा ठसा व हातभर ठसा सारखेच पसरतात. हें प्रमाण तेथें नाहींसें होतें. ठसा बाहेरचा प्रकाश परतवितो, पडदा स्वतःच उजळतो. शिवाय प्रत्येक पडद्याची छटा निराळी. कालांतरानें ठशाचे उजळ भाग पिवळे पडतात. तो पिवळेपणा कोणी हौसेनें ‘सुधारून’ टाकला, कीं वयाची खूणच पुसली गेली! पाठीवरील पेन्सिलीचा शेरा तर बहुधा कोणी टिपीतच नाहीं.

पडद्याचे गुणही आम्ही नाकारीत नाहीं. दोन दूरदेशींच्या प्रती शेजारीं ठेवून ताडतां येतात, आणि नाजूक ठशास वारंवार उजेड सोसावा लागत नाहीं. स्तंभावरील कोरीव काम मोठें करून पाहण्याची सोय तर भिंगापेक्षांही सुखाची. परंतु लेण्याच्या काळोख्या कोपऱ्यांत उजेड वाढवितांना यंत्राचे कण व कागदाचे तंतु आकृतीसारखे भासूं लागतात. तेथें एखादी मूर्ति ‘सांपडली’ असें म्हणण्यापूर्वीं मूळ ठसा पाहिलाच पाहिजे. अशा वादस्थळीं तो मागितल्यास संग्रहपालांनीं नाकारूं नये. नाकारणें भागच असेल तर मोजपट्टी, रंगपट्टी आणि पाठीची प्रत यांसह, कोणताही फेरफार न केलेलें चित्र तरी द्यावें.