वक्त्याचा प्रारंभ आणि अभिप्रेत श्रोता

भाषण हा वाङ्मयप्रकार मराठी समीक्षेने फारसा गंभीरपणे घेतलेला नाही. भाषणांचे संग्रह निघतात, त्यांतील वाक्ये निवडून काढली जातात आणि ती भिंतींवर, दिनदर्शिकांवर, स्मरणिकांच्या मुखपृष्ठांवर जाऊन बसतात. भाषणाचे असे सुभाषित होत असताना सर्वांत आधी गळून पडतो तो त्याचा प्रारंभ. प्रारंभात उद्धृत करण्याजोगे फारसे काही नसतेच. त्यात श्रोता असतो. तो गेला की भाषण कोणाशी चाललेला संवाद होते, हेच कळेनासे होते.

पाश्चात्त्य वक्तृत्वमीमांसेने या प्रश्नाचा विचार पुष्कळ केला आहे. ॲरिस्टॉटलने ‘ऱ्हेटॉरिक’च्या तिसऱ्या भागात उपोद्घाताची तुलना बासरीवादकाच्या आलापीशी केली, पण त्याबद्दल त्याला मनातून फारसा आदर नसावा. विषय काय आहे एवढे सांगितले म्हणजे पुरे, बाकीची सजावट श्रोत्याच्या दुर्बलतेसाठी, असे त्याचे मत. सिसेरो अधिक व्यवहारी. श्रोता अनुकूल, सावध आणि ग्रहणशील करणे हे प्रारंभाचे कार्य, असे सांगून तो प्रारंभाचे दोन प्रकार करतो : श्रोता प्रतिकूल नसेल तेथे सरळ प्रवेश, आणि तो विरुद्ध असेल तेथे आडवळणाने, नकळत केलेला प्रवेश. आपल्याकडे नाट्यशास्त्रातील प्ररोचना आणि नारदीय कीर्तनाचा पूर्वरंग यांचा या अंगाने विचार व्हायला हवा. येथे तो विषय बाजूला ठेवतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या तीन भाषणांचे प्रारंभ शेजारी ठेवून पाहिले, तर सिसेरोची विभागणी उपयोगी पडते आणि अपुरीही ठरते. पहिले भाषण महाडचे, २५ डिसेंबर १९२७ चे. समोरचा समुदाय आपलाच. मार्चमध्ये चवदार तळ्याचे पाणी घेतल्यावर झालेला हल्ला आणि त्यानंतर तळ्याचे केलेले ‘शुद्धीकरण’ त्याने अनुभवलेले किंवा ऐकलेले. अशा समुदायापुढे आवेशाने सुरुवात करणे सर्वांत सोपे होते. आंबेडकर तसे करीत नाहीत. सत्याग्रह समितीचे अध्यक्ष म्हणून ते आमंत्रितांचे स्वागत करतात आणि १९ मार्चच्या मेळाव्याची आठवण देतात. वरवर पाहता ही सभेची औपचारिकता आहे. परंतु ज्यांना गावच्या कोणत्याही सभेत ‘निमंत्रित’ म्हणून स्थान नव्हते, त्यांना आमंत्रित म्हणून संबोधणे हीच येथे एक कृती ठरते. स्मरणाचे आवाहन करताच श्रोता प्रेक्षक उरत नाही. घडलेल्या गोष्टीचा तो कर्ता होतो. पुढे तळ्याचे पाणी पिऊन कोणी अमर होणार नाही, हे कोरडे विधान येते. ते झेपण्याची ताकद या प्रारंभाने आधीच दिलेली असते. येथे श्रोत्याची दुर्बलता गृहीत धरलेली नाही, हे ॲरिस्टॉटलच्या संदर्भात मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

दुसरा प्रसंग १७ डिसेंबर १९४६ चा, संविधान सभेतला. नेहरूंनी मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावावर चर्चा चालू होती. मुस्लिम लीग गैरहजर, सभागृहावर काँग्रेसचे वर्चस्व आणि आंबेडकर बंगालमधून निवडून आलेले, काँग्रेसबाहेरचे सभासद. ठराव पुढे ढकलावा या जयकरांच्या सूचनेला त्यांना पाठिंबा द्यायचा होता. अध्यक्षांनी अनपेक्षितपणे त्यांचे नाव पुकारले. प्रारंभी ते आभार मानतात, विस्मय व्यक्त करतात, आपल्या आधी वीस-बावीस नावे होती असे सांगतात, तयारी नसल्याचे आणि वेळ थोडा असल्याचेही बोलतात. सिसेरोच्या नकळत प्रवेशाचे हे उदाहरण म्हणता येईल. पण त्याला निव्वळ डावपेच म्हणणे अन्यायाचे होईल. तयारी नसल्याची कबुली देणारा वक्ता मागाहून ठरावावर नापसंती व्यक्त करतो तेव्हा ती पूर्वनियोजित वैर वाटत नाही. विचाराचा ताण वाटते. समोरच्यांना विरोधक न मानता विचार करू शकणारे सभासद मानण्याची ती रीत आहे.

२५ नोव्हेंबर १९४९ चा प्रारंभ या दोहोंहून वेगळा. येथे आहेत आकडे : २ वर्षे, ११ महिने आणि १७ दिवस, अकरा अधिवेशने, १६५ दिवसांचे कामकाज, त्यांपैकी ११४ मसुद्याच्या विचारासाठी. संविधानावर दिरंगाईचा आक्षेप होता आणि त्याला उत्तर हिशेबानेच द्यायचे होते, हे खरे. शिवाय हिशेब देणारा वक्ता सभागृहाला मालकाच्या जागी बसवतो. या भाषणाच्या उत्तरार्धातील इशारे आज सर्वत्र उद्धृत होतात : व्यक्तिपूजेविषयीचा, सामाजिक लोकशाहीविषयीचा. तेथे पोहोचण्यापूर्वी मात्र वक्त्याने बराच वेळ श्रेयाची वाटणी केलेली असते. बी. एन. राव आणि एस. एन. मुखर्जी यांच्यापर्यंत नावे घेतली जातात. नंतर कामत, सिधवा, कुंझरू आदी बंडखोर सभासदांचेही आभार मानले जातात, कारण त्यांच्यामुळे चर्चेला कळा आली आणि सारे सभासद नुसते होकार देणारे ठरले नाहीत. निवडक उताऱ्यांच्या संपादनात बहुधा हीच पाने वगळली जातात, आणि ज्यांना उद्देशून ते इशारे उच्चारले गेले त्या माणसांची नावेही त्यांच्याबरोबर जातात.