वाट सांगणारं गद्य

मराठीत डोंगरभटकंतीवर उदंड लिहिलं गेलं आहे. त्यातल्या गो. नी. दांडेकरांच्या ‘दुर्गभ्रमणगाथे’कडे आपण साहित्य म्हणून बघतो. आनंद पाळंदे यांचं ‘डोंगरयात्रा’ मात्र सॅकमध्ये कोंबायचं पुस्तक, त्याची समीक्षा कोण करणार? खरं तर वाट सांगणं हा गद्याचा फार अवघड प्रकार आहे. इथे वाक्य फसलं तर वाचक अंधार पडताना कड्याच्या टोकावर उभा असतो.

हे तपासून बघायला लोणावळा ते भीमाशंकर ही वाट चांगली. आम्हा पिंपरी-चिंचवडकरांना ती सोयीचीही आहे. चिंचवडहून लोकलने लोणावळा गाठायचं, मग दोन-तीन दिवस सह्याद्रीच्या धारेलगत उत्तरेकडे चालायचं. डावीकडे खाली कर्जतचा मुलूख, उजवीकडे आंदर मावळ आणि ठोकरवाडीचं धरण. पुढे कुसूरचं पठार, वांद्रे खिंड, आणि शेवटी भीमाशंकरचं रान. परतीची एसटी मंचर, चाकण करत नाशिक फाट्याला सोडते. ही काही एकसंध आखलेली पायवाट नाही. गावागावांना जोडणारे वाटांचे तुकडे आपणच सांधायचे असतात. म्हणून निघण्यापूर्वी प्रश्न पडतो, की सोबत नेमकं काय घ्यायचं? पर्याय तीन: सर्वेक्षण खात्याचा नकाशा, मोबाइलमधला जीपीएक्स ट्रॅक, आणि मार्गदर्शक पुस्तक.

भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे २००५च्या धोरणानंतर नागरिकांसाठी वेगळ्या मालिकेत निघू लागले आणि २०१७पासून संकेतस्थळावरून उतरवून घेता येऊ लागले. प्रमाण १:५०,०००, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर अर्धा किलोमीटर. भीमाशंकर ४७ ई/१२ या पत्रकात येतं. या नकाशाचा मोठा गुण असा, की तो कोणत्याही एका वाटेची बाजू घेत नाही. सोंडा, ओढे, पाणी, वस्त्या सगळं एकत्र दिसतं आणि वाट सोडावी लागली तर कुठल्या बाजूला उतरावं हे कळतं. मर्यादाही मोठी आहे. दोन समोच्च रेषांमध्ये २० मीटरचं अंतर असतं. त्यात १५ मीटरचा कातळटप्पा सहज लपतो. कड्यांसाठी चिन्हं आहेत, पण प्रत्येक टप्पा काही त्यात येत नाही. आणि उतरायला दोर लागेल की नाही, हे त्या टप्प्यावरच ठरतं.

मोबाइलमधल्या बऱ्याच मोफत नकाशांची उंचीची माहिती फेब्रुवारी २०००मधल्या अंतराळयानाच्या रडार मोजणीवर उभी आहे. तिथे साधारण ३० मीटरच्या चौकोनाला उंचीचा एकच आकडा मिळतो. सह्याद्रीचा सरळसोट कडा त्यात नुसता तीव्र उतार होऊन बसतो. पडद्यावर रेषा सुबक दिसतात, म्हणून त्यांच्यावर विश्वासही जरा जास्तच बसतो.

आता ट्रॅक. जीपीएक्स फाइल उघडून पाहिली तर आत बिंदूंची रांग असते: अक्षांश, रेखांश, उंची, वेळ. माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर हा लॉग आहे. कोणीतरी कुठून गेलं याची ती नोंद. पाणी शोधायला गेलेली वीस मिनिटं, फोटोसाठी घेतलेलं वळण आणि खरी वाट या सगळ्यांना त्यात एकच वजन असतं. अरुंद नाळेत आभाळ थोडंच दिसतं, सिग्नल कातळावर आपटून येतो आणि बिंदू कड्याच्या पलीकडेही उडी मारतात. तरीही ट्रॅक उपयोगाचाच आहे. धुक्यात पठारावर दिशा हरवली तर त्याच्याइतका आधार दुसरा नाही. फक्त एक गोष्ट त्याला सांगता येत नाही: इथे डावीकडे का वळलो?

आमच्याकडे कोड तपासताना एक जुना दंडक पाळतात. कोड काय करतो हे कोडमध्येच दिसतं. कॉमेंटमध्ये तो तसं का करतो ते लिहा. मार्गदर्शक गद्यालाही मला हाच निकष लावावासा वाटतो. पठाराच्या कडेला दाट रान आहे म्हणून वाट आत वळते, पुढे पाणी नाही म्हणून आधी गावात उतरते, धारेवर सुटा मुरूम आहे म्हणून आडवी जाते. असं कारण दिलं असेल तर खुणेचं झाड पडलं, शेताचं कुंपण सरकलं, तरी वाक्य कामाला येतं. नुसतं ‘आंब्यापाशी डावीकडे’ हे आंब्याबरोबर मरतं.

या निकषावर आपली पुस्तकंही पुरी उतरत नाहीत. ‘ठळक मळलेली वाट’ ही कोणत्या महिन्यात ठळक? दसऱ्याच्या सुमारास त्याच जागी कमरेएवढं गवत असतं. ‘दोन तासांत’ म्हणजे कोणाच्या पायांनी? कुसूर आणि वांद्र्याच्या पुढच्या पठारांवर पवनचक्क्या आल्या, त्यांच्यासाठी रुंद कच्चे रस्ते झाले, आणि जुनी वर्णनं तिथे एकदम अनोळखी वाटतात. हरीश कापडियांचं इंग्रजी ‘ट्रेक द सह्याद्रीज’ किंवा पाळंद्यांचं पुस्तक नेताना हे गृहीत धरावं लागतं. तरीही मी ती नेतो, कारण त्यांना या डोंगराची भाषा येते.

त्या भाषेतच बरंचसं ‘का’ भरलेलं आहे. नाळ म्हटलं की दोन्हीकडे कातळ आणि पायाखाली दगडगोटे, म्हणजे पावसात नको. पदर म्हटलं की कड्याखालची रानाची सपाटी, तिथे आडवं जाता येतं. बैलघाट म्हणजे उतार बैलाच्या पायाला झेपणारा. भीमाशंकरहून खांडसकडे उतरताना शिडी घाट आणि गणेश घाट यांतला फरक पहिल्याच्या नावातच कळतो. १८८५च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये घाटांची नोंद करताना लादलेले बैल जातात, रिकामे जातात की फक्त माणूस, हे सांगितलेलं आहे. व्यापार आणि महसुलाच्या हिशेबाने लिहिलेलं असलं, तरी वाटेवरून कोण जातं हे त्यात येतं. ट्रॅकच्या ‘सोपा, मध्यम, कठीण’ या तीन खान्यांत ते मावत नाही.

आणि वाटेवरून कोण जातं यावरच वाट जगते. कुसूरच्या पुढे एका वस्तीवर मी ढोरवाटेची चौकशी केली, तेव्हा दारात बसलेले मामा म्हणाले, “वाट हाय, पर आता जातंय कोन? पोरं समदी चाकणला कंपनीत.” त्यांचा एक मुलगा जिथे पाळीला जातो, तो कारखाना माझ्या रोजच्या रस्त्यावर आहे. गुरं कमी झाली, रानात जाणं थांबलं, की चार-पाच पावसाळ्यांत कारवी वाट गिळते. दहा वर्षांपूर्वीचा ट्रॅक मात्र पडद्यावर तितकाच ठळक निळा राहतो. आमच्या पट्ट्यातल्या कारखान्यांनी त्या पोरांना पगार दिला, आणि ते रास्तच झालं. पण वाटेचं ‘का’ ज्यांना ठाऊक होतं ते आता असेंब्ली लाइनवर आहेत, आणि त्यांच्याकडून ते कोणी लिहून घेतलेलं नाही.

म्हणून माझी निवड अशी: पत्रकाची छापील प्रत, दोन वेगळ्या माणसांचे दोन वेगळ्या ऋतूंतले ट्रॅक, पुस्तकातल्या पानांची झेरॉक्स. दोन ट्रॅक जिथे एकमेकांपासून फुटतात, तिथे नकाशा आणि पुस्तक उघडायचं. आणि शेवटच्या वस्तीवर थांबून विचारायचं. ‘ही वाट वांद्र्याला जाते ना?’ असं विचारलं की उत्तर ‘जाती की’ असंच येतं. ‘मामा, तुम्ही गुरं कुठून न्यायचात?’ असं विचारलं की मामा उठून हात करून दाखवतात, आणि कुठून नेत नव्हते तेही सांगतात.

परत आल्यावर ट्रॅक टाकायचाच असेल तर त्याखाली निदान पाच वाक्यं लिहावीत. कोणता महिना होता, पाणी कुठे मिळालं, कुठे वळलो, का वळलो आणि कोणी सांगितलं. या पाच वाक्यांना फाइलमध्ये जागा असते. वर्णनाचा तो रकाना बहुतेक वेळा रिकामाच सापडतो.