अनिर्वेद : निर्मितीतील खंड आणि निसर्गाचा उपचार

लेखकाचे लिहिणे थांबले की चरित्रकाराला, आणि त्याच्यामागोमाग समीक्षकालाही, एक सोयीची उपपत्ती सुचते. लेखक थकला होता. तो डोंगरात, नदीकाठी किंवा आपल्या गावी जाऊन राहिला. तेथील निसर्गाने त्याला पुन्हा लिहिते केले. ह्या उपपत्तीत विश्रांती हे पथ्य असते, निसर्ग हे औषध असते आणि नवी साहित्यकृती हा गुण आल्याचा पुरावा असतो. ती इतकी रुळलेली आहे की तिला वेगळ्या आधाराची गरज आहे असे कोणाला वाटत नाही. पण निर्मितीतील खंडाचे असे स्पष्टीकरण दिले म्हणजे खंड हा केवळ आजार ठरतो, आणि आजार बरा झाल्यावर त्याची चौकशी करण्याचे कारण उरत नाही. तो खंड साहित्यकृतीच्या रूपात कोठे उमटला आहे काय, हा समीक्षेचा खरा प्रश्न बाजूलाच राहतो.

ह्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी राजशेखराची आठवण करणे उपयोगाचे आहे. ‘काव्यमीमांसे’च्या दहाव्या अध्यायात त्याने कवित्वाच्या आठ माता सांगितल्या आहेत. त्यांत प्रतिभा आणि अभ्यास ह्या अपेक्षित गोष्टी आहेतच; परंतु आरंभी ‘स्वास्थ्य’ आणि शेवटी ‘अनिर्वेद’ आहे. ह्या दोन्हींकडे आपल्या अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. काव्यहेतूंची चर्चा आपण शक्ती, निपुणता आणि अभ्यास ह्या मम्मटाच्या त्रयीवर संपवतो. मनाला खंत, वीट, उदासी न येणे हीदेखील काव्याची जननी आहे, असे म्हणणारा शास्त्रकार मात्र आपल्याला केवळ दरबारी दिनचर्या सांगणारा वाटतो. (निर्वेद हा मम्मटाच्या मते शांतरसाचा स्थायिभाव. म्हणजे जो भाव काव्यात रसपदवीला पोहोचतो तोच कवीच्या ठिकाणी त्याचा वैरी होतो. ह्या विसंगतीवर स्वतंत्रपणे लिहिण्याजोगे पुष्कळ आहे.)

राजशेखर ज्या यायावर कुळातला, त्यातील आपला पणजा अकालजलद ह्याला तो महाराष्ट्राचा चूडामणी म्हणतो. स्वतः राजशेखर कनौजच्या प्रतिहार दरबारात वावरला. दरबारी मनुष्याला साजेशीच त्याची व्यवस्था आहे. कवीचे घर सहाही ऋतूंना सोयीचे असावे. तेथे उपवन, क्रीडापर्वत, पुष्करिणी, मोर, हरणे, हंस, चकोर, वेलींचे मांडव आणि झोपाळे असावेत. काव्याच्या ध्यासाने मन शिणले, तर तो शीण जाण्यासाठी सेवकांनी आज्ञेबरोबर मौन धरावे किंवा ते स्थानच निर्जन असावे. दिवसाचे आणि रात्रीचे प्रहर वाटून दिलेले आहेत : एक प्रहर विद्यांच्या अभ्यासाला, एक रचनेला, भोजनानंतर काव्यगोष्ठी, आणि सकाळी रचलेल्याची चिकित्सा दिवसाच्या चौथ्या प्रहरी. रात्रीचे मधले दोन प्रहर झोपेचे.

येथे निसर्ग आहे आणि विश्रांतीही आहे. परंतु निसर्ग काही देणारा नाही. तो घराचा भाग आहे. ऋतू कवीला प्रेरणा देतील असे राजशेखर म्हणत नाही, ऋतूंचा कवीला त्रास होऊ नये एवढेच तो पाहतो. ह्याहून बोलकी गोष्ट म्हणजे कालदृष्ट्या कवींचे वर्ग करताना तो ‘असूर्यंपश्य’ कवीचा निर्देश करतो. गुहेत वा भुयारात शिरून एकनिष्ठेने रचना करणारा, सूर्यही न पाहणारा हा कवी त्याला हिणकस वाटत नाही. उलट सर्व काळ त्याचाच असतो. सेवाचाकरी सांभाळून फावल्या वेळात लिहिणारा तो ‘दत्तावसर’. त्याच्या वाट्याला मोजकेच काळ येतात. प्राध्यापकी करून कविता लिहिणाऱ्यांनी आपली कोटी कोणती हे ओळखून घ्यावे.

राजशेखराची मर्यादाही स्पष्ट आहे. त्याला शीण ठाऊक आहे, खंड ठाऊक नाही. त्याच्या कवीचा निर्वेद एका दिवसाचा आहे आणि तो संध्याकाळपर्यंत उतरतो. वर्षानुवर्षे न लिहिणाऱ्या कवीविषयी त्याच्यापाशी बोलण्यासारखे काही नाही. तसा कवी ज्याच्या लेखनात प्रथमच स्वतःच्या मौनाचा विचार करू लागतो, त्या सॅम्युअल टेलर कोलरिजकडे त्यासाठी जावे लागते.

कोलरिज १८०० च्या जुलैत केझिक येथे राहावयास आला, तेव्हा निसर्गोपचाराची सर्व सामग्री त्याच्या दाराशी होती. ग्रेटा हॉलच्या खिडकीतून डर्वेंटवॉटरचे सरोवर आणि डोंगरांच्या रांगा दिसत. काही मैलांवर ग्रासमेअरला वर्डस्वर्थ होता. आणि नेमके येथेच त्याचे काव्य आटले. ‘ख्रिस्ताबेल’चा दुसरा भाग कसाबसा झाला, पण ‘लिरिकल बॅलड्स’च्या दुसऱ्या आवृत्तीत त्या कवितेला जागा मिळाली नाही. १८०१ च्या मार्चमध्ये विल्यम गॉडविनला लिहिलेल्या पत्रात आपल्यातील कवी मेला आहे असे तो कळवतो. दमट हवा, सांधेदुखी, अफूचा अर्क, न जुळलेला संसार आणि सारा हचिन्सनविषयीचे निष्फळ प्रेम ही कारणे चरित्रकारांनी दिलेलीच आहेत. ती खोटी नाहीत. पण ‘डिजेक्शन’ ही कविता ह्यांतील कोणत्याही कारणापाशी थांबत नाही.

४ एप्रिल १८०२ ही तारीख घातलेला तिचा पहिला खर्डा म्हणजे सारा हचिन्सनला लिहिलेले सुमारे ३४० ओळींचे पद्यपत्र. ४ ऑक्टोबर १८०२ रोजी, वर्डस्वर्थच्या लग्नाच्या दिवशी, ती ‘मॉर्निंग पोस्ट’मध्ये बरीच आटोपशीर होऊन प्रसिद्ध झाली. अंतिम पाठ १३९ ओळींचा आहे. तिच्यातील निवेदक पश्चिमेचे आकाश, ढगांमागून सरकणारे तारे आणि चंद्रकोर पाहतो. ती किती सुंदर आहेत हे त्याला दिसते, पण जाणवत नाही. पाहणे आणि जाणवणे ह्यांच्यात पडलेली ही फट हाच कवितेचा विषय आहे. तेथून तो ज्या सिद्धांतावर येतो तो निसर्गोपचाराच्या मुळावरच घाव घालणारा आहे : निसर्गातून आपल्याला जे मिळते ते आपणच त्याला दिलेले असते, आतला झरा आटल्यावर बाहेरची रूपे कितीही न्याहाळली तरी ती रिकामीच राहतात. न लिहिता येण्यावरची कविता उत्तम लिहिली गेली, हा विरोधाभास इतका चघळला गेला आहे की त्यावर अधिक बोलण्यात अर्थ नाही. महत्त्वाचे आहे ते हे की कवितेला गती येते ती सौम्य संध्याकाळीमुळे नव्हे. मध्येच वादळ उठते, तंतुवाद्यावर वारा किंचाळू लागतो, आणि तेव्हा कविता जागी होते. त्या वाऱ्यात सांत्वन औषधालाही नाही.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कोलरिजने केलेली नऊ दिवसांची पायपीट ही तर ह्या सिद्धांताची जणू चाचणीच होती. घरातला केरसुणीचा दांडा काढून त्याची काठी केली, काड्या स्वयंपाकघरात विखुरलेल्या टाकल्या आणि तो एकटाच निघाला. ५ ऑगस्टला स्काफेलच्या माथ्यावर बसून त्याने साराला पत्र लिहिले. मग वाट न शोधता खडकांच्या पायऱ्यांवरून एकेक उडी टाकत खाली उतरताना तो अशा जागी अडकला की मागे फिरता येईना आणि पुढचे दिसेना. हातपाय थरथरत असताना तो पाठीवर पडून आकाशाकडे पाहत हसला, आणि त्या स्थितीचे त्याने केलेले वर्णन इंग्रजी गद्यातील अत्यंत जिवंत वर्णनांपैकी एक आहे. नोंदवह्यांत धबधबे, ढग, दगडांचे आकार ह्यांच्या अशा नोंदी आहेत की पाहणे आणि लिहिणे ह्यांत क्षणाचेही अंतर उरू नये. म्हणजे निसर्गाने त्याला लिहिते केले असे म्हणता येईल; पण लिहिते केले ते गद्यात.

कविता मात्र आली नाही. आणि येथे प्रकरण नाजूक होते. सप्टेंबरमध्ये ‘मॉर्निंग पोस्ट’मध्ये शामोनीच्या खोऱ्यातील सूर्योदयापूर्वीचे एक स्तोत्र त्याच्या नावाने प्रसिद्ध झाले. स्काफेलवर असताना आपल्या तोंडून ते आपोआप बाहेर पडले, पुढे आपण ते माँ ब्लाँच्या परिसराला लावले, असे त्याने सोदबीला लिहिले. वस्तुतः शामोनीला तो कधी गेलाच नव्हता, आणि कवितेचा सांगाडा फ्रीडरिके ब्रून ह्या कवयित्रीच्या एका छोट्या जर्मन कवितेचा होता. तिचा उल्लेख त्याने केला नाही. डी क्विन्सीने तो १८३४ मध्ये केला. ह्या घटनेकडे वाङ्मयचौर्य म्हणून पाहण्याची प्रथा आहे आणि ती अन्यायाची नाही. मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. डोंगरावर गेलेल्या कवीच्या मुखातून स्तोत्र स्फुरलेच पाहिजे ही अपेक्षा इतकी बळकट होती, की जो मनुष्य पाच महिन्यांपूर्वी ती खोटी ठरवून बसला होता त्यालाही ती पुरी झाल्याचे सोंग करावे लागले. स्काफेलचे खरे लेखन पत्रात होते. त्याला काव्य म्हणण्याची सोय त्या काळच्या साहित्यव्यवहारात नव्हती.

वर्डस्वर्थचे उदाहरण सामान्यतः उलट बाजूचे म्हणून दिले जाते. ‘इमॉर्टॅलिटी ओड’ची पहिली चार कडवी त्याने १८०२ च्या मार्चअखेरीस लिहिली, पूर्वीची दीप्ती कोठे गेली, ह्या प्रश्नावर ती थांबतात. कोलरिजचे पद्यपत्र ह्या कडव्यांनाच दिलेले उत्तर आहे. वर्डस्वर्थची कविता त्यानंतर जवळपास दोन वर्षे तशीच पडून राहिली आणि १८०४ मध्ये पूर्ण झाली. त्या अवधीत तो गप्प नव्हता. सुनीते व इतर कविता लिहीत होता, त्याच सरोवरांच्या काठी हिंडत होता. अडले होते ते एका प्रश्नापाशी. पाचव्या कडव्यात कविता पुन्हा सुरू होते ती एखाद्या दृश्याने नव्हे, तर जन्मपूर्व अस्तित्वाच्या कल्पनेने. प्लेटोशी नाते सांगणाऱ्या एका विचाराने. चौथ्या आणि पाचव्या कडव्यांमधला सांधा आजही हाताला लागतो. लय बदलते, ‘मी’चा ‘आपण’ होतो, वसंतातल्या सकाळीची जागा मनुष्याच्या आयुष्यक्रमाला मिळते. दोन वर्षांनी प्रश्न सुटला नाही, त्याचे स्वरूप बदलले. विश्रांतीचे कार्य असलेच तर ते हे : थकवा घालवणे नव्हे, तर प्रश्न जुना होऊ देणे.

कोलरिजच्या पुढील आयुष्यातील दोन मुक्काम येथे नोंदवण्यापुरते. १८०४ ते १८०६ ह्या काळात तो प्रकृतीसाठी भूमध्य समुद्रातील उबदार हवेत, माल्टाला गेला. परतला तो अधिक खंगून. १८१५ मध्ये मात्र कॅल्न ह्या लहानशा गावी, मॉर्गन कुटुंबाच्या देखरेखीखाली, अफूवर मर्यादा घालून आणि मॉर्गनला मजकूर सांगत त्याने ‘बायोग्राफिया लिटरारिया’ सिद्ध केला. कल्पनाशक्तीचा जो सिद्धांत आपण पदव्युत्तर वर्गात शिकवतो, तो कोणत्याही डोंगरावर सुचलेला नाही. ठरावीक वेळी लेखणी घेऊन बसणाऱ्या एका मित्राने तो उतरवून घेतला आहे. राजशेखराला हे घर ओळखीचे वाटले असते.

मराठीत ह्या प्रश्नाचा विचार करताना बालकवींचे नाव अटळ आहे. आनंदाच्या कविता निसर्गामुळे आणि उदासीनतेच्या कविता आयुष्यातील दुःखामुळे, अशी त्यांची वाटणी आपण करून टाकली आहे. पण ‘पारवा’ ही काही निसर्गाबाहेरची कविता नव्हे. तिच्यात पक्षी आहे, पडझड झालेली धर्मशाळा आहे, दुपारचे सुस्त एकटेपण आहे. येथे निसर्ग हा उदासीनतेवरील उतारा नसून तिचा देह आहे.

दुर्गाबाई भागवतांची (१९१०–२००२) गोष्ट वेगळी, आणि मला अधिक विचारात पाडणारी. आदिवासी भागात संशोधन करीत असताना विषबाधा होऊन त्या काही वर्षे अंथरुणाला खिळल्या, पीएच.डी.चे काम राहिले ते राहिलेच. १९५६ मध्ये ‘ऋतुचक्र’ आले. मध्ये एक बाण काढून आजारातून ललितगद्य जन्मले असे दाखवणे फार सोपे आहे. ते मी करणार नाही, कारण पुस्तकाची घडण त्या बाणाला जागा देत नाही. त्याचे माप महिना हे आहे, मनःस्थिती नव्हे. बाराही महिने आपापल्या पाळीने येतात. लेखिकेला बरे वाटावे म्हणून एखादा लवकर येत नाही. झाडाचा मोहोर, त्याच्याविषयीचा लोकाचार, संस्कृत काव्यातील त्याचा संकेत आणि आत्ता डोळ्यांना दिसणारा त्याचा रंग हे सर्व एकाच वाक्यसमूहात येते, आणि त्यात संशोधिकेची नोंद कोठे संपली व ललितलेखिका कोठे सुरू झाली हे सांगता येत नाही. अर्धवट राहिलेल्या अभ्यासाची सवय येथे टिकून आहे. फक्त तिला आता सिद्ध करावयाचे काही नाही. ‘मला काय वाटले’ ह्यापेक्षा ‘ह्या आठवड्यात काय बदलले’ ह्याला तेथे अधिक महत्त्व आहे. कोलरिजच्या नोंदवह्यांत हेच पाहणे होते, परंतु तो त्यांच्याकडे न झालेल्या कवितांचा कच्चा माल म्हणून पाहत राहिला. दुर्गाबाईंनी नोंदीलाच रूप मानले.